जळलेलं जातं कुठं

आमच्या भागात सुट्टीचा वार गुरुवार होता. रविवार शाळांचा, कचेऱ्यांचा आणि पुण्यातल्या नातेवाइकांचा. कंपन्यांना वीज आळीपाळीने वाटून घ्यावी लागे, म्हणून इकडची धुराडी गुरुवारी गप्प बसत. त्यामुळे आम्हा मुलांना वडील रविवारी मिळाले नाहीत आणि वडिलांना आम्ही गुरुवारी मिळालो नाही. मी शाळेतून येईपर्यंत दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्टोव्ह उघडून साफ केलेला असे, सायकलच्या साखळीला तेल दिलेलं असे, आणि ते दारातल्या बाजेवर कालचं वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. चौथीपर्यंत शिकले होते, पण वाचताना कधी अडखळत नसत. अडखळले तर तिथेच थांबत, आणि तो शब्द कळेपर्यंत पान उलटत नसत. दादांना जाऊन आता चार महिने झाले. सत्त्याऐंशी वर्षांचे होते, झोपेत गेले, कोणाला त्रास दिला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी निगडीच्या माझ्या घरी आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "वडिलांचा स्वभाव कसा होता हो?" मी म्हटलं, "कमी बोलत." हे खरं आहे. पण त्यांनी एकदा भरलेल्या सभागृहात उठून एक प्रश्न विचारला होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलं होतं. ते कसं दिलं, एवढंच इथे लिहायचं आहे.

दादा मूळचे महाळुंग्याचे. तिथे आज चारी बाजूंनी कारखाने आहेत आणि मालाच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या असतात, पण त्या काळी तिथे बाजरी होती, आणि आमच्या वाट्याला तीही दुसऱ्याच्या शेतातली होती. धर्मांतरानंतर काही वर्षांनी दादा गाव सोडून कामाला इकडे आले आणि एका फौंड्रीत, धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, लागले. काळेवाडीत आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. नदीपलीकडून भोंगे ऐकू येत. प्रत्येक कंपनीचा भोंगा वेगळा, आणि आई भाकरी थापता थापता सांगे, हा अमक्याचा, हा तमक्याचा, हा पाच मिनिटं उशिरा वाजला. घड्याळ नव्हतं असं नाही. पण ते भिंतीवर होतं, आणि चुलीपाशी बसलं की दिसत नसे.

दादांचे कामावरचे कपडे आई आमच्या कपड्यांबरोबर धूत नसे. त्यांच्यासाठी वेगळं घमेलं होतं. पहिल्या पाण्याचा रंग पेन्सिलीच्या शिशासारखा निघे, दुसऱ्याचा थोडा फिका, आणि तिसऱ्या पाण्यालाही उन्हात धरलं तर बारीक चमक दिसे. ते पाणी आई मागच्या शेवग्याच्या बुंध्याशी ओती. शेवगा मेला नाही. उलट शेंगा चांगल्या धरायचा, पण त्या आमटीत घालण्याआधी आई दोनदा धुवून घेई. "एवढं धुऊन निघतंय व्हय?" असं शेजारणीने विचारलं की म्हणे, "निघत न्हाई. पर माझं मन धुऊन निघतं."

फौंड्रीतल्या माणसांना कंपनी रोज गुळाचा एक खडा देई. गुळाबरोबर छातीतली धूळ खाली उतरते, असा तिकडचा समज होता आणि आजही काही ठिकाणी आहे. दादा तो खडा खात नसत. कागदात बांधून खिशात घालत आणि घरी आले की मला आणि धाकट्या भावाला अर्धा अर्धा करून देत. त्या गुळाला तेलाचा आणि धातूचा किंचित वास असे, आणि आम्हाला वाटे की गुळाचा वास असाच असतो. दुकानातला गूळ पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला तो शिळा वाटला होता. दादांना खोकला होता, पण तो घरातल्या इतर आवाजांसारखाच एक होता, त्यामुळे या दोन गोष्टी आम्ही कधी एकत्र ठेवून पाहिल्या नाहीत. पुढे मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गुळाने छातीतली धूळ उतरते याला काही आधार नाही. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं आश्चर्यही वाटलं.

दादांचं काम ॲल्युमिनियमच्या भट्टीवर होतं. भट्टीत जुने भाग, तुटकी भांडी आणि लेथवर निघालेला कीस वितळवायचा, वर येणारी राखाडी साय लांब दांड्याच्या पळीने काढायची, आणि खालचा चकचकीत रस साच्यांकडे पाठवायचा. त्या सायीला ते मळी म्हणत. जाड तुकडे टाकले की मळी थोडी येते, बारीक कीस टाकला की पुष्कळ येते, कारण कीस वितळण्याआधीच जळतो. हे त्यांनी मला कधी शिकवलं नाही. जेवताना आईशी बोलत ते माझ्या कानावर पडे, जसं दुसऱ्या कोणाच्या घरी पेरणीचं पडत असेल.

मी दहावीत गेले त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला बातमी आली की अमेरिकेने आकाशात ठेवलेली एक भली मोठी प्रयोगशाळा खाली येणार आहे. कुठे पडेल ते कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. काळेवाडीत दुसरा विषय नव्हता. कोणी मुलांना गावी पाठवलं, जणू गावावर आकाश नव्हतं. कोणी ठेवणीतली कोंबडी कापली. आमच्या शेजारी काशिनाथभाऊ राहत. ते पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला होते आणि गल्लीतले विनोद त्यांच्याकडूनच निघत.

"पडायचं तर बुधवारी पडावं राव," ते दादांना म्हणाले. "सरळ कंपनीवर. गुरुवारी नको. एक सुट्टी मिळती, तीबी मरन्यात जायची."

"आन् बुधवारी तुमी आत असला मंग?" आईने आतून विचारलं.

"वहिनी, मी लेट असतो. साहेबाला इचारा."

आमच्या शाळेने ठरवलं की मुलांमधली आणि पालकांमधली ही भीती घालवायची. त्यासाठी वक्तृत्व स्पर्धा ठेवली, विषय एकच, 'आकाशातून पडणारं यंत्र'. पहिला नंबर येईल त्याला पुण्याला मोठ्या स्पर्धेसाठी पाठवणार होते. शास्त्राच्या प्रधान बाईंनी माझं नाव घातलं. मी वाचणारी मुलगी होते, बोलणारी नव्हते. वर्गात माझी ओळख फौंड्रीवाल्याची पोरगी एवढीच होती, आणि तीही मुलं वाईट अर्थाने म्हणत नसत, नुसती म्हणत. मला ती बदलायची होती. इतकी मोठी गोष्ट एका भाषणाने होईल असं पंधराव्या वर्षी वाटतं.

भाषण मी वहीत लिहिलं आणि घरी मोठ्याने म्हणून पाहू लागले. पावसाने पत्रा वाजत होता, म्हणून ओरडूनच म्हणावं लागे. दादा पहिल्या पाळीहून आले होते आणि पाय धूत होते.

"...आणि मित्रहो, घाबरण्याचे कारण नाही. वातावरणाशी घर्षण होऊन त्या यंत्राचा बहुतेक भाग हवेतच जळून नष्ट होईल!"

"नष्ट म्हंजे?" दादांनी विचारलं.

"नष्ट म्हणजे संपेल. जळून जाईल."

"कशाचं केलंय ते?"

मी वही चाळली. "पुष्कळसं ॲल्युमिनियमचं असतं. हलकं म्हणून."

दादा पाय पुसत आत आले. "ॲल्युमिनियम जळून संपत न्हाई," ते म्हणाले. "राख हुती. बारीक कीस पाच किलो टाकला आन् समदा जळला, तर राख पाचापेक्षा जड भरती. कमी न्हाई, जास्त."

"जास्त कशी भरेल? जळल्यावर कमी होतं."

"लाकडाचं धूर हून जातं म्हून तुला कमी दिसतं. ह्याचं तसं न्हाई. आमी रोज काढतोय की."

"दादा, पुस्तकात नष्ट म्हटलंय."

"आसंल. पुस्तकवाल्यानं मळी काढली नसंल."

आई हसली. मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी ते डब्याच्या झाकणात पुडी बांधून मळीची भुकटी घेऊन आले. करड्या रंगाची, चिमटीत घेतली तर बोटांच्या रेषांत बसणारी. मी रसायनाचं पुस्तक काढलं. त्यात मॅग्नेशियमची फीत जाळण्याचा प्रयोग होता, जळताना ती हवेतला प्राणवायू घेते आणि म्हणून राखेचं वजन वाढतं, असं साफ लिहिलं होतं. ते मी पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. आमच्या घमेल्यातल्या पाण्याशी त्याचा काही संबंध असेल, असं मात्र मनात आलं नव्हतं. मी दादांना ते वाचून दाखवलं. त्यांनी तो परिच्छेद माझ्या हातातून घेऊन स्वतः एकदा वाचला आणि म्हणाले, "म्हंजे ह्यांनाबी म्हाईत हाय." मग थोड्या वेळाने, "आमची मळी भट्टीतच ऱ्हाती, पळीनं काढता येती. तितं वर कोन काढनार? ती राख जाती कुटं?"

हा प्रश्न मला आवडला. मी भाषणात एक नवा परिच्छेद घातला, त्या राखेचा. शेवटी पुडी उघडून दाखवायची, असंही ठरवलं. दादांना तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सांडू नको, पुडी नीट धर," एवढंच.

प्रधान बाईंनी तो परिच्छेद वाचला आणि पेन्सिलीने आडवी रेघ मारली. मी त्यांना दोष देत नाही. त्या म्हणाल्या, "हे चूक आहे असं मी म्हणत नाही गं. पण लोक आधीच घाबरलेत. आपण भीती घालवायला बसलोय ना? मग तू त्यांना नवी भीती कशाला देतेस? आणि परीक्षकांनी उलटा प्रश्न विचारला तर? राख कुठे जाते ते तुला तरी माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. मी पुडी दप्तराच्या तळाशी ठेवली. दादांना काही सांगितलं नाही.

स्पर्धा गुरुवारी होती, म्हणून दादा येऊ शकले. माझ्या दहा वर्षांच्या शाळेत ते त्या एकाच दिवशी आले. पांढरा शर्ट, केसांना तेल, मागच्या भिंतीशी शेवटच्या बाकावर, कारण पुढच्या खुर्च्या कोणासाठी तरी ठेवलेल्या असणार असं त्यांनी धरून चाललं. पाहुणे म्हणून एका मोठ्या कंपनीतले इंजिनियर बोलावले होते, हसतमुख, गोरेपान, बोलताना चष्मा काढून हातात धरणारे. माझं भाषण चांगलं झालं. मी अडखळले नाही. 'जळून नष्ट होईल' या वाक्याला टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत मी मागच्या भिंतीकडे पाहिलं नाही.

पाहुण्यांनी विचारलं, "छान. कोणाला या मुलीला काही विचारायचंय?" कोणी हात वर केला नाही. मग मागे बाक वाजलं.

"मला इचारायचं हाय," दादा म्हणाले. उभे राहिले होते आणि हात पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवले होते. "ते यंत्र वर जळलं, तर त्याची राख हुनार. ती राख जाती कुटं?"

मुलं हसली. हाय आणि कुटं ऐकून हसली असतील, किंवा नुसती हसली असतील. मला वाटलं, घरी ठरलेलं जे मी वगळलं ते दादा इथे सगळ्यांसमोर बाहेर काढतायत. मला धडा देतायत.

पाहुणेही हसले, पण चांगलं हसले. "वा, काका! प्रश्न मजेदार आहे. याचं उत्तर वक्त्याच देतील." आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

प्रधान बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी किंचित मान हलवली, नाही अशी. मला उत्तर अर्धं येत होतं. राख होते हे येत होतं, ती नाहीशी होत नाही हेही येत होतं. कुठे जाते ते येत नव्हतं, आणि तेवढं 'मला माहीत नाही' असं म्हणता आलं असतं. पुडी दप्तरात होती आणि दप्तर स्टेजच्या पायरीशी.

मी म्हणाले, "राख उरत नाही. वातावरण अफाट आहे. त्यात ती नष्ट होते."

"बरं," दादा म्हणाले, आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या. मला पहिला नंबर मिळाला. यंत्र काही दिवसांनी दूर समुद्रावर फुटलं, काही तुकडे पलीकडच्या ओसाड जमिनीवर पडले, आणि काशिनाथभाऊ म्हणाले की कापलेली कोंबडी फुकट गेली.

सध्या, दादा गेल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी, मी या विषयावर सापडेल ते वाचते आहे. मी आयुष्यभर ग्रंथपाल होते, शोधायची सवय आहे. आता उपग्रह तेव्हासारखे मोजके राहिलेले नाहीत. ते थव्यांनी सोडले जातात, काही वर्षं चालवले जातात, आणि काम संपलं की मुद्दाम खाली आणून हवेत जाळले जातात, म्हणजे जमिनीवर कोणाच्या डोक्यात पडू नयेत. व्यवस्था शहाणपणाची आहे. फक्त आता शास्त्रज्ञ खूप उंच जाणाऱ्या विमानांतून तिथली हवा गोळा करतात, आणि तिच्यातल्या सूक्ष्म कणांत त्यांना ॲल्युमिनियम आणि असे इतर धातू सापडतात जे उल्कांमधून इतके यायचे कारण नाही. जळताना त्याची अत्यंत बारीक भुकटी होते. ती लगेच खाली येत नाही, वर्षानुवर्षं तरंगत उतरते. ओझोनच्या थराला तिच्यामुळे इजा होईल का, वरच्या हवेचं तापमान बदलेल का, तिकडच्या विरळ ढगांवर परिणाम होईल का, हे प्रश्न आहेत. उत्तरं अजून पक्की नाहीत, आणि ज्या लेखांवर माझा विश्वास बसला त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आहे. 'माहीत नाही' हे छापलेलं वाचताना मला प्रधान बाईंची ती मान आठवते. त्यांची चूक नव्हती. चूक ज्याला उत्तर अर्धं येत असतं त्याची असते.

स्पर्धेनंतर त्या संध्याकाळी दादांनी नेहमीसारखं वर्तमानपत्र वाचलं. आईने शिरा केला. शुक्रवारपासून दादांची दुसरी पाळी लागली. दुसऱ्या पाळीत ते घरी येत तेव्हा मी झोपलेली असे, आणि मी शाळेला निघे तेव्हा ते झोपलेले. शनिवारी शाळा सकाळची असे, म्हणून दुपारी आमची गाठ पडली. ते कामाला निघण्याआधीचं जेवत होते, भाकरी, हुलग्याची उसळ आणि सुक्या बोंबलाची चटणी. आई समोर बसून वाढत होती. मी दप्तर न ठेवताच उभी राहिले. दोन दिवस मनात जमवलेलं वाक्य माफीचं होतं, पण तोंडातून निघालं ते तक्रारीचं.

"दादा, तुम्ही तिथे सगळ्यांसमोर का विचारलंत?"

"कुटं?"

"शाळेत. राखेचं."

"अगं, पावन्यांनी इचारलं, कुनाला काय इचारायचं हाय का. कुनी उठंना." त्यांनी भाकरीचा तुकडा उसळीत बुडवला. "पोरगी एवढं बोलली, आन् तिला एकबी प्रश्न न्हाई. बरं दिसतंय का ते?"

"मुलं हसली तुम्हाला."

"हसूं दे की."

"पण मग तोच प्रश्न का? दुसरा नव्हता?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न त्यांना खरोखर कळला नव्हता असं मला वाटलं.

"तुला येत व्हता म्हून," ते म्हणाले. "तुला येतंय तेच इचारलं मी."

आई म्हणाली, "बस खाली, जेव. उभ्यानं काय वकिली करती?" मी बसले. दादांनी उरलेली भाकरी संपवली, ताटात पाणी घेऊन हात धुतला, डबा उचलला आणि सायकल काढून कामावर गेले.

त्यानंतर त्यांना खरं उत्तर द्यायला मला पंचेचाळीस वर्षं मिळाली. त्यांतली शेवटची अकरा ते माझ्याच घरात होते, शेजारच्या खोलीत. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.